मागच्या खोलीचं वर्णन

मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. जिन्यातून कोण हसत गेलं, कोण रुसून आलं, सगळं मला ठाऊक असतं. म्हणून वरच्या मजल्यावरची मुलगी एका दुपारी दारात येऊन घुटमळली, तेव्हा मी तिला हाताला धरून आत बसवलं.

ती सकाळी औषधाच्या दुकानात काम करते आणि दुपारी गोष्टी लिहिते. पाठवलेल्या गोष्टी परत येतात. जिन्यात आम्ही तिला ‘लेखिकाबाई’ म्हणतो, अर्थात मागून. आता ती लेखनाच्या वर्गाला जात होती. तिथले सर म्हणाले होते, तुमच्या गोष्टींत चंद्र फार, बसायला खुर्ची एकही नाही. रिकाम्या खोलीत रोज तासभर बसा. दिसेल, ऐकू येईल तेवढंच लिहा. मनाचं एक अक्षर घालायचं नाही.

“काकू, तुमची मागची खोली बंदच असते ना?”

दीड वर्ष बंद होती. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, तिथेच पडून होत्या आणि तिथेच गेल्या. मुलगी इथे राहायला आली ती त्यानंतर. तिला कशाला सांगायचं? किल्ली दिली.

खोलीतून आली की ती वही टेबलावर ठेवून हात धुवायला जायची. तेवढ्यात मी वाचायचे. ‘खाट. भिंतीला खिळा. खिळ्याला काही नाही.’

चोरून वाचायचं खरं, पण बोलल्याशिवाय राहवेना. “अगं, एवढं तर मीसुद्धा लिहीन!”

ती हसली. “लिहून बघा काकू. खोटं न घालता चार ओळी लिहायला घाम फुटतो.”

आठवड्याभरात तिचं लिहिणं बदललं. ओळी आखूड झाल्या. वाचताना खोलीतला गारवा बोटांना लागायचा. ‘उशीला खळगा आहे. काल एवढा खोल नव्हता.’ ‘बामाचा वास. दार लावलं की वाढतो.’ सरांनी लाल शाईत शेरा मारला, ‘उत्तम. पण माणूस आणू नका.’

“मी कुठे आणलंय...” ती हळूच म्हणाली.

बाराव्या दिवशी वहीत होतं, ‘पेल्यावर चमचा वाजतो. तीनदा. थांबतो. परत तीनदा. पेला दिसत नाही.’

वन्संची वाचा गेली होती. पाणी हवं असलं की त्या असाच चमचा वाजवायच्या. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता खरं सांगते. त्या शेवटच्या दुपारी मी जिन्यात होते. समोरची सून माहेरी का निघून गेली, ते तळमजल्यावरची शिंपीण सांगत होती. मी पोट धरून हसत होते. चमचा वाजला. मी ऐकला. म्हटलं, एवढं संपू दे. परत वाजला... मग थांबला. आत गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे ह्यांना मी रडून सांगितलं. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, जाऊ दे. पण एकच गोष्ट मला आतून पोखरत राहिली. माझं हसणं वन्संना ऐकू जात होतं का?

मुलीला मी हे सगळं सांगितलं. “पोरी, तू विचार ना वन्संना...”

“विचारायचं नसतं काकू. फक्त लिहायचं.” तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं वही माझ्यापुढे सरकवली. “उद्या तुम्हीच बसा.”

बसले. सातवी शिकलेला हात. खाट लिहिली, खिळा लिहिला. मग लिहिलं, ‘मी चमचा ऐकला होता. आले नाही. वन्सं, माझं हसणं तुम्हाला ऐकू येत होतं का?’ खाली अर्धं पान कोरं राहिलं. काहीसुद्धा झालं नाही. मी हिरमुसलेच.

शनिवारी वही सरांकडे गेली आणि परत आली. माझ्या पानावर शेरा होता, ‘प्रश्न प्रामाणिक आहे. पण खालचं उत्तर! एक शब्द जास्त नाही. लिहावं तर असं.’

खाली तर कोरा कागद. चष्मा पुसला, पान उजेडात धरलं. “कुठलं उत्तर गं?”

मुलीनं वही घेतली. तिची नजर ओळीमागून ओळ खाली उतरत गेली, पार पानाच्या तळापर्यंत.

“काकू... तुम्हाला खरंच दिसत नाही?”

“काय लिहिलंय?”

ती वही तिथेच टाकून गेली. हल्ली तिच्या गोष्टी छापून येतात म्हणे. मला दाखवत नाही.

मी पान शिंपिणीला दाखवलं. एरवी तिच्या जिभेला हाड नाही. तिनं वाचलं, ओठांतल्या टाचण्या एकेक काढून ठेवल्या आणि म्हणाली, “मला काम आहे.”

शेवटी ह्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. वही मिटून जागच्या जागी ठेवली.

परवा हे मोरीत घसरून पडले. गुडघा फुटला. मी पुढच्या खोलीतच होते. हे अर्धा तास तसेच ओल्या फरशीवर बसून राहिले.

“अहो, मला हाक नाही का मारायची?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं.

“मारू नकोस म्हणून ताईनं लिहिलंय...” एवढंच बोलले.