गव्हाणीवरचा टॉवेल

पप्पू, शेकोटीत आणखी चिपाड टाक रं. आन् विश्वजित, त्यो मोबाईल ठेव खाली. सगळं त्यात गावत न्हाई गड्या.

माझा भाचा जोतीराम कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर बघायचा. दोन हजार सतराची एक जानेवारी. आदल्या राती गावभर कोंबड्या शिजत हुत्या आन् ह्यो कामावर. काम बारकंच. पृथ्वी फिरताना जरा रेंगाळती, म्हणून पहाटं साडेपाचला जगातल्या घड्याळांत एक सेकंद जादा घालायचा हुता, एकोणसाठच्या फुडं साठ. कारखान्यातल्या दोन कॉम्प्युटरांची वेळ जुळती ठेवायची, एवढंच.

मोठा कॉम्प्युटर गव्हाण चालवायचा, म्हंजे ऊस आत ओढणारा पट्टा. धाकटा तांबडा दिवा सांभाळायचा. पट्ट्याखाली माणूस गेला की दिवा लागणार, आन् दिवा हाय तवर गव्हाण हलणार न्हाई. मोठ्याचं काम जोतीरामनं केलं. धाकट्याचं उद्या बघू म्हणला.

खाली अडकल्याला ऊस काढायला आमचा कोंडीबा जायचा. म्या बी तिथंच कामाला, त्यो माझा जिवाभावाचा जोडीदार. जायच्या आधी गव्हाणीचा स्विच बंद करून त्यावर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की स्विचला कुणी हात लावायचा न्हाई, ही आमची जुनी रीत. त्या पहाटं जोतीरामनं स्विच चालूच ठिवला आन् टॉवेल उचलून कोंडीबाच्या खांद्यावर ठेवला.

"आवं मामा, दिवा हाय की आता!"

"शिकल्याली पोरं तुमी," म्हणत कोंडीबा हसत खाली गेला.

साडेपाच झाले. मोठ्यानं जादा सेकंद घेतला, धाकट्यानं न्हाई घेतला. दोघांची वेळ जुळंना. खाली माणूस हाय, ह्यो धाकट्याचा निरोप मोठ्यानं खोटा धरला... आन् गव्हाण सुरू झाली.

कोंडीबाला आमी गोळा करून आणला. जोतीराम महिनाभर जेवला न्हाई.

फुडल्या वर्षी तीच रात. आवंदा जादा सेकंद नव्हता. जोतीराम एकटा पडद्याफुडं. पाच एकोणतीस झालेले, फुडं सेकंद पळत हुते. अठ्ठावन्न... एकोणसाठ...

साठ.

तिथंच थांबलं. गव्हाण गप. वाफ गप. एवढा कारखाना, पर टाचणी पडली तर ऐकू यील.

खालनं आवाज आला.

"जोती..."

जोतीराम खुर्चीतनं उठला.

"...माझा टॉवेल कुटं ठिवलास रं?"

मग साडेपाच वाजले. कारखाना गर्जाया लागला. गव्हाण मातुर बंदच. माणसं बॅटऱ्या घिऊन पळत आली. खाली कुणी न्हाई.

स्विचवर टॉवेल. उसाच्या रसानं निथळत हुता.

वळखायला मला बोलावलं. कोपऱ्याला तांबड्या दोऱ्याचा टाका, कोंडीबाच्या बायकूनं, साळूबाईनं घातल्याला.

पोरांनो, त्यो टॉवेल म्या माझ्या हातानं त्याच्या सरणावर ठेवला हुता. जळताना बघितला हुता.