गोड आहे, उतरवून घ्या

"हे बघ, दादा... हे तुझं काम!"

अक्षयनं बैठकीच्या भिंतीत नुसतं नख घातलं आणि पिस्ता रंगाचा वीतभर पोपडा सुटून त्याच्या तळहातावर आला. त्यानं तो मुठीत दाबला तेव्हा त्याचं पीठ झालं, पांढरं, ओलसर पीठ, आणि ते त्यानं सख्ख्या थोरल्या भावाच्या पायांपुढं, आरशासारख्या चकचकीत फरशीवर झटकलं! अक्षयच्या सासरची चार माणसं समोर बसली होती. चहाचे कप हातातल्या हातात राहिले.

"लोकांच्या फार्महाउसांना एक नंबर माल, आणि भावाच्या घराला ही माती? सिमेंट कुठं गेलं, दादा? पाणी तरी मारलंस का भिंतींना?"

कुंडलिकनं भावाकडं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं खिडकीजवळच्या खुर्चीकडं. तिथं बा बसला होता... महादू गवंडी. शहापूरपासून खर्डीपर्यंत ज्याच्या ओळंब्याची लोक शपथ घ्यायचे, तो महादू गवंडी मान खाली घालून धोतराचा काठ चिमटीत धरून बसला होता. एक शब्द सांगितला असता तर कुंडलिक सुटला असता! पण तो शब्द त्या खुर्चीवर जाऊन पडला असता.

"चुकलं रे माझं," कुंडलिक म्हणाला.

आठवडाभरात त्यानं थापी, रंधा, ओळंबा पोत्यात भरले आणि बायकोला, गिरजाला, घेऊन तिच्या माहेरी मुरबाडला गेला.

*

रेतीबद्दल, घर बांधणाऱ्यांसाठी:

मूठभर रेती तळहातावर चोळा. हाताला माती चिकटली तर ती धुवायला हवी. काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवा, तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती प्लास्टरला नको. आणि शेवटी चिमूटभर जिभेवर ठेवा. नदीची रेती गोड लागते, म्हणजे बिनखारी; खाडीची खारी. खारी रेती भिंतीत गेली की दोन पावसाळ्यांत लोणा फुटतो, भिंत पांढरं पीठ ओकत राहते, रंग धरत नाही. खारी लागली तर गाडी परत पाठवा.

गाडी कुणीही मागवलेली असो. चाखणारा कुणीही असो.

*

ती गाडी अक्षयनं मागवली होती. तो कल्याणला नोकरीला, रोज आसनगावहून लोकलनं जाऊन-येऊन. कुणाच्या तरी ओळखीनं रेती मिळाली यातच त्याला आनंद. वास्तुशांतीची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या.

गाडी सापगावात अंगणाशी उभी राहिली, पण तिचा मागचा फाळका कुणी उघडेना. कारण महादू गवंड्याच्या कामावर एक रीत होती. चाळीस वर्षांची रीत! आधी बा रेती चाखणार, मग कुंडलिक चाखणार, आणि मग बा म्हणणार, "गोड आहे, उतरवून घ्या." तेव्हाच माल खाली. लहानपणी कुंडलिकला वाटायचं, रेती खरंच गुळासारखी लागत असणार. पहिल्यांदा चाखून तोंड वाकडं केलं तेव्हा बा खदखदून हसला होता.

त्या दिवशी बा काठी टेकत गाडीजवळ गेला. सगळी आळी जमलेली... महादू गवंड्याच्या पोराचं घर, म्हाताऱ्याच्या हातचं बहुधा शेवटचं! त्यानं चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, जीभ फिरवली. मग कुंडलिकनं चिमूट घेतली.

खारी! नुसती खारी नव्हे, जिभेला चरचरून झोंबणारी, खाडीच्या चिखलाचा वास घेऊन आलेली खारी...

त्यानं दचकून बापाकडं पाहिलं. बा त्याच्याकडंच पाहत होता. एकटक. कुंडलिकला वाटलं, ही अभिमानाची नजर. आयुष्यभराचं काम पोराच्या अंगणात पुरं होतंय, त्याचा हा आनंद. एवढ्या लोकांत या माणसाला कसं म्हणायचं, की बा, तुझी जीभ गेली?

कुंडलिकनं थुंकी गिळली.

"गोड आहे," बा म्हणाला. "उतरवून घ्या."

*

त्या दिवशी कुंडलिकनं काय म्हणायला हवं होतं, ते त्यानं पुढं चार वर्षं मनात पुन्हा पुन्हा रचून पाहिलं.

"बा, जरा परत बघ, मला कायतरी वेगळंच लागतंय."

(नाही. लोक हसले असते.)

"अक्षय, ही गाडी नको रे. दुसरी बघू."

(अक्षय म्हणाला असता, का? बा तर गोड म्हणतोय.)

"बा..."

(इथपर्यंतच. यापुढचं त्याला कधी सुचलंच नाही.)

*

त्यानं रेती धुतली. तीन दिवस! पत्र्यांवर पसरून, विहिरीचं पाणी शेंदून, नवराबायको दोघंच. अक्षयनं विचारलं तर, "थोडी माती हाय रे." गिरजानं मात्र दुसऱ्या दिवशी बोट ओलं करून रेतीला लावलं, जिभेला लावलं, आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"अवो, ही तर खारट हाय."

"गप."

"बाबांना सांगा की!"

"गप म्हटलं ना!"

ढीगभर रेतीतलं मीठ घागरींनी निघत नाही. पाणी वरून जातं, खार आत राहतो.

*

पाण्याबद्दल: विटा लावण्याआधी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. प्लास्टरवर दिवसातून तीनदा, निदान दहा दिवस पाणी मारा. पश्चिमेच्या खिडक्यांवरचा छज्जा हातभर जास्त काढा, पाऊस तिकडून झोडपतो. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी घालू नका, घरात म्हातारी माणसं असतात. भिंत आतून कोरडी होईपर्यंत पुट्टी नाही, रंग नाही. वास्तुशांतीची तारीख भिंतीला विचारून धरा.

हे सगळं कुंडलिकला पाठ होतं. मुरबाडच्या बाजूला लोक त्याला हे विचारायचे, मन लावून ऐकून घ्यायचे, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "सापगावचं ते घर तुमीच बांधलंत ना? भावाचं?" त्यानंतर त्या घरातून फोन यायचा नाही. प्लास्टर त्याच्या हातून गेलंच. तो दुसऱ्या गवंड्यांच्या हाताखाली फरशा बसवू लागला, दिवसभर उकिडवा बसून, खाली मान घालून. गवंडी असा खाली बघून काम करतो तेव्हा त्याचे डोळे कुणाला दिसत नाहीत, एवढं बरं होतं.

"किती दिस गिळून बसणार हाव?" गिरजा एकदा ताट वाढताना कडाडली. "तुमी देव व्हायला निघालाव, नि मी देवाची बायको म्हणून शेण खाते! माझा भाऊ विचारतो, दाजींनी खरंच सिमेंट खाल्लं काय गो? काय सांगू त्याला? पोटात दुखलं नाय म्हणून सांगू?"

कुंडलिकला हसू आलं, आणि त्याच हसण्यात त्याचे डोळे भरून आले. बाचा मान राखला, असं तो मनाला समजावायचा. पण पहाटे जाग आली की दुसरंच काही मन कुरतडायचं... मान राखला, की भ्यायलो? चार माणसांत एक वाक्य बोलायचं धाडस झालं नाही, आणि त्या न झालेल्या धाडसाला मी त्याग म्हणतोय? अक्षयनं आपली सगळी उमेद त्या भिंतींत घातली होती. खारी रेती माहीत असून त्या भिंतींना थापली, ती माझ्याच हातांनी!

*

रेतीच्या त्या गाडीनंतर चौथ्या वर्षी, भात झोडून झाल्यावर अक्षयच्या बायकोचा, मनस्वीचा, फोन आला.

"भावजी, बाबा नवं खात नायत. ताट पुढं केलं की सरकवतात. म्हणतात, कुंडलिक पंगतीला असंल तरच नव्या भाताला हात लावीन." मग आवाज उतरला. "या ना. ह्यांना मी सांगते."

कुंडलिक आणि गिरजा सापगावला पोचले तेव्हा अक्षय दारात होता. "ये," एवढंच म्हणाला. बैठकीची भिंत आता गडद निळ्या ऑइलपेंटनं रंगवली होती. कुंडलिकच्या गवंडी मनानं लगेच हाय खाल्ली... लोणा धरलेल्या भिंतीवर कधी ऑइलपेंट मारू नये, खार आत कोंडतो आणि सगळी भिंतच फोडतो. आधी विटेपर्यंत खरवडावी, कोरडी होऊ द्यावी. रंगाखाली फोड आले होते, भाजलेल्या कातडीसारखे. बोलायचा हक्क त्याला नव्हता.

स्वयंपाकघरात दोघी जावा एकमेकींना पाठ करून वावरत होत्या. घर फुटल्यापासूनचा अबोला, कोण आधी तोंड उघडणार? मनस्वीनं डाळीत मीठ घातलं आणि पाट मांडायला गेली. गिरजानं डाळ ढवळली, विचारायचं मनात आलं, विचारलं नाही, आणि तिनंही मूठभर मीठ घातलं.

पंगत बसली. नव्या तांदळाचा वाफाळता भात, वर डाळ. बानं पहिला घास घेतला.

"झकास!" म्हातारा म्हणाला, आणि भराभर जेवू लागला.

अक्षयनं घास तोंडात घातला आणि त्याचा चेहराच वाकडा झाला. "अगो, ही डाळ..." तो बोलता बोलता थांबला. कारण बा जेवत होता! मिटक्या मारत! आणि त्याच्या शेजारी दादा... दादाच्या डोळ्यांत मिठानं पाणी तरारलं होतं, गळ्याची घाटी प्रत्येक घासाला अडत होती, तरी तो मान खाली घालून घासामागून घास गिळत होता.

अक्षयचा हात ताटावरच राहिला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुला कळतंय ना? मग खातोस का?"

कुंडलिकनं पुढचा घास उचलला.

"बाला चव लागत नाय. कधीपासनं लागत नाय, दादा?" त्याचा आवाज चिरकला. "ती रेती... रेतीची गाडी आली तेव्हा लागत होती? दादा, बोल की रे!"

"जेव गप," कुंडलिक म्हणाला. "नवं हाय, अन्नावर बसून..."

"नाय."

हे बा म्हणाला. त्यानं हात ताटाबाहेर काढला होता.

"नाय लागत होती. त्याच्या आदल्या सुगीपासनं जीभ मेली माझी. तंबाखूनं म्हण, वयानं म्हण. पण सगळी आळी तोंडाकडं बघत होती. कायच लागत नाय असं महादू गवंडी कसा सांगणार?" त्यानं कुंडलिककडं तोंड वळवलं. "म्हणून मी तुझ्याकडं बघितलं, कुंडल्या. म्हटलं, पोरगा चाखतोय, खारी असंल तर तो थुंकंल. तू गिळलीस... म्हणून मी गोड म्हणालो!"

कुंडलिकला वाटलं, घराची तुळई छातीवर आली. ती नजर! अभिमानाची समजून चार वर्षं जी उराशी धरली ती नजर मदत मागत होती, आणि आपण मान राखला!

"आणि ह्यानं भिंत फोडून दाखवली," बा अक्षयकडं बोट करून म्हणाला, "त्या दिवशी मला उमगलं सगळं. तू म्हणालास, चुकलं माझं. मी तिथंच होतो. एक शब्द बोलायचा होता रे... बोललो नाय! माझी इज्जत ऱ्हायली, नि पोरगा घरातनं गेला. काय करू मी तिला?"

अक्षय उठला, आणि उष्ट्या हातानंच थोरल्या भावाच्या पायांवर कोसळला. "दादा, पावण्यांदेखत मी तुला..."

"ऊठ," कुंडलिक म्हणाला. त्याला क्षमा करण्याचा मोठेपणा कुठंच सापडेना. मनात नुसती लाज होती. "घर तुझं होतं. मला ठाऊक असून मी थापी चालवली. बाचा मान राखला तो तुझ्या भिंतींच्या जिवावर, अक्षय. मी तुला विचारलं नव्हतं."

अक्षय पाटावर परत बसला. मग बानं विचारलं, "डाळ कशी झालीय? खरं सांग."

"खारट, बा. तोंडात धरवत नाय."

मनस्वी पुढं आली, कानकोंडी होऊन. "मी मीठ घातलं होतं..."

"मीपण घातलं गो," गिरजा म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडं पाहून आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

ताटं बदलली. नुसता भात आणि तूप आलं. बा भाताकडं बघत राहिला, घास घेईना.

"चार वर्षं नवं खाल्लं," तो म्हणाला, "कसं होतं ते मला कुणी सांगितलं नाय. मीच विचारलं नाय."

कुंडलिकनं आपलं ताट बापाच्या ताटाला लावलं. एक घास घेतला, सावकाश चावला, डोळे मिटून.

"चिकट हाय जरा," तो म्हणाला. "नवा हाय ना. आधी कायच लागत नाय, बा. मग मागून गोडवा येतो, दुधासारका. तूप जरा करपलंय."

"करपलंय?" म्हातारा म्हणाला, आणि त्यानं घास घेतला. "बरं. पुढं सांग."