दुबईला निघालेल्या मूगवड्या

उमरेडची बस त्या दिवशी इतकी भरली होती की शिंकायलाही जागा मागून घ्यावी लागली असती. प्रीतीच्या हातात मूगवड्यांची पिशवी. उभ्या माणसानं बसलेल्याच्या मांडीवर ओझं द्यावं, हा आपल्याकडचा कायदाच. तिनं समोरच्या पोराला विचारलंही नाही, पिशवी ठेवून दिली.

"काय आहे यात?" त्यानं विचारलं.

"विंचू."

"हिंग लावलेला विंचू... पहिल्यांदाच पाहून राहिलो."

प्रीतीनं खिडकीबाहेर पाहिलं. हसू दाबायचं असलं की माणूस बाहेरच पाहतो.

तो धम्मदीप. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका गोदामातून आपल्याकडचा किराणा दुबईच्या दुकानांत जायचा, तिथं माल तपासायचं त्याचं काम. तिकडं आपली माणसं ढीगभर, आणि वडीच्या भाजीवाचून त्यांचा जीव तळमळतो, हे त्यानं नागपूर येईपर्यंत तिच्या गळी उतरवलं. उतरताना म्हणाला, "सॅम्पल घेऊन या."

ती गेली. मग त्यानं पुन्हा मागवलं. पुन्हा... चार वेळा. दर वेळी चहा यायचा, चहा निवायचा, बोलणं काही निवायचं नाही.

शेवटी ऑर्डर आली, पाव किलोची चारशे पाकिटं. प्रीतीची आई सिंधूताई उमरेडला वड्यांचं दुकान चालवायची. ती म्हणाली, "पाठवून पाह्य एकदा. माल वापस आला तर गुमान दुकानात बसायचं, अन् मी दाखवीन त्या पोराशी लग्न करायचं."

प्रीतीनं मुकाट मान डोलावली. लेक अशी मुकाट झाली की समजावं, हट्टाला पेटली.

माल गोदामात पोहोचला त्याच सकाळी धम्मदीपचा फोन आला. आवाज कोरडा. "लवकर या."

ती पोहोचली तर काट्यावर पाकीट. "छापलं अडीचशे ग्रॅम. हे भरलं दोनशे ऐंशी, हे तीनशे. एकही बरोबर नाही. काहून?"

"वरची मूठ टाकली न. काटा बरोबर आला की आई वरून एक मूठ टाकते. नाही तर गिऱ्हाईक म्हणते, हात आखडला."

"पण कागदं तर दुबईले पोहोचले. वजन जुळलं नाही की सगळा माल बंदरावर अडकते. जास्त दिलं तरी चूकच धरतात."

"चांगुलपणाले चूक धरतात?" तिनं काट्यावरचं पाकीट उचललं. "मंग... वापस पाठवता?"

नियम तसाच होता. त्यानं घड्याळ पाहिलं. मग बाह्या वर केल्या. "गाडी चारले सुटते. तुम्ही पाकिटं फोडा, मी तोलतो."

म्हातारा हमाल नत्थू पाकिटं चिकटवायला बसला. फोडा, काढा, तोला, चिकटवा. एका पाकिटात दोघांचे हात एकदमच गेले... ना तिनं काढला, ना त्यानं.

"धम्मदीप, वड्या तोल गा, हात नको तोलू," नत्थू मान वर न करता म्हणाला. "बाई, तुले सांगतो, सॅम्पल एकदाच लागते. या बहाद्दरानं चारदा मागवलं. तीनदाचं मी खाल्लं."

"खरं हाय?" प्रीतीनं विचारलं.

धम्मदीपचे कान लाल. "खरं हाय... तुम्ही आल्या की दिवस बरा जाते. रोज मागवाले बहाणा सुचत नव्हता."

"मंग सरळ मलेच मागायचं न —"

बोलून गेली, आणि टोपलीतल्या वड्या उगाच निवडत बसली.

चारला पाच कमी असताना शेवटचं खोकं गाडीत चढलं. प्रीतीनं तिथूनच फोन लावला. "आई, माल गेला."

"बरं झालं. पण मी पाहून ठेवलेला तो भंडाऱ्याचा पोरगा..."

"माल वापस आला तर तू म्हणशील तो पोरगा. गेला तर माझ्या मनातला."

"असं कधी ठरलं वं?"

"आत्ता."

सिंधूताई दुकानदारीण. सौदा हातातून गेला की तिला लगेच कळतं. "रविवारी जेवाले घेऊन ये त्याले," ती म्हणाली. "पाहू कसा हाय."

प्रीतीनं निरोप दिला तशा धम्मदीपनं बाह्या खाली केल्या. "तुमची आई लय तिखट आहे काय?"

"माझ्यापेक्षा कमी," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचा वड्यांचा भुगा बोटानं हळूच झटकला.