टेबलापाशी अडणारी स्लेज

गवताची काडी बोटभर लांब होती. मधोमध एक पेर, एका टोकाला वाळलेलं जांभळट फूल, आणि अंगाने इतकी चपटी की कुणी तिच्यावरून इस्त्री फिरवली असावी. ती टिमेकच्या लोकरी मोज्याला चिकटली होती. यागोडाने ती चिमटीत धरून उजेडाकडे केली आणि मग नाकाशी नेली.

"ताई, माझ्या मोज्याचा वास घेतेयस? शी!" टिमेक किंचाळला. कॅन्टीनमधल्या चार माना वळल्या.

"मोज्याचा नाही रे, गवताचा. आणि हे खरं गवत आहे!"

"मग? गवत खरंच असतं," सारण भरलेली एक अख्खी पिएरोगी तोंडात कोंबत टिमेक म्हणाला.

"इथे नसतं. सफरीतलं सगळं गवत प्लॅस्टिकचं आहे. ते वाकवलं की परत सरळ होतं. हे बघ." तिने काडीचं टोक वाकवलं. कट् असा बारीक आवाज झाला.

यागोडा बारा वर्षांची होती, टिमेक नऊ. शेजारची बोग्ना यागोडापेक्षा वर्षाने मोठी, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. हिवाळ्याच्या सुट्टीत या तिघांना मिळालेलं काम ऐकून वर्गातली मुलं जळली होती. डोंगराखालच्या करमणूक उद्यानात 'हिमवाट' नावाची नवी सफर शनिवारी सुरू व्हायची होती आणि ती रचली होती यागोडाच्या लिदियामावशीने. चाचणीसाठी मावशीला मुलं हवी होती. तिघांच्या गळ्यात 'चाचणी प्रवासी' असे बिल्ले लटकत होते. टिमेक तर बिल्ला घालूनच झोपत असे.

हिमवाटेला रूळ नव्हते. स्लेज सपाट जमिनीवरून आपली आपण वाट काढत जाई. तिच्यात बसणारा प्रत्येकजण हिमवादळात हरवलेला प्रवासी. अंधारात लांडग्यांचे डोळे चमकत, गोठलेली नदी पायाखाली कडाडे, बर्फाच्या धुक्यात वाट पुसून जाई. शेवटी दूर एक पिवळी खिडकी दिसे. आत नाताळच्या आदल्या संध्याकाळचं टेबल, त्यावर बारा पदार्थ, भोवती सगळं कुटुंब. फक्त एक जागा रिकामी, कुणी अवचित आलंच तर असावी म्हणून घरोघरी ठेवतात तशी. स्लेज अलगद त्याच जागेत शिरे, यंत्राची आजी मान वळवे आणि म्हणे, "आलास, बाळा? तुझंच ताट मांडून ठेवलंय."

म्हणजे, तसं व्हायला हवं होतं. पण बऱ्याचदा स्लेज टेबलाच्या हातभर अलीकडेच अडे. आजचीही अडली होती. टिमेकची तर प्रत्येक वेळी अडली होती. त्याने आजीचं वाक्य अजून एकदाही ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात लिदियामावशी ताट घेऊन आली. ताटातलं सूप कधीच निवलं होतं.

"काय म्हणाले साहेब?" यागोडाने विचारलं. उद्यानाच्या मालकांना, कोनोपकासाहेबांना, सगळे नुसतं साहेबच म्हणत.

"उद्या सांगतो म्हणाले."

"हे तर ते परवाही म्हणाले होते! आणि त्याच्या आधीही!"

"हो. पण आता उद्याची चाचणी शेवटची," मावशी चमच्याने सूप नुसतं ढवळत राहिली. "उद्याही अडली तर टेबल काढून टाकायचं आणि तिथे एक उंच घसरण करायची, असं कोनोपकासाहेबांच्या मनात आहे. लोकांना किंचाळायला आवडतं म्हणे."

"मला आवडतं किंचाळायला," टिमेक म्हणाला. मग मावशीचा चेहरा पाहून घाईने पुढे म्हणाला, "पण रोज नाही."

मावशी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "घसरण वाईट नसते रे. पण टेबल काढलं ना, तर हरवलेला माणूस हरवलेलाच राहतो. मग ती गोष्ट कशाला सांगायची?"

ती उठून गेली तेव्हा सूप तसंच होतं. यागोडाने काडी रुमालात गुंडाळली.

"चला! ही आली कुठून ते शोधायचं."

"त्यात शोधायचं काय?" बोग्नाने नाक उडवलं. "बाहेर तबेला आहे, तिथे घोडे आहेत, घोडे गवत खातात. कुणाच्या तरी बुटाला लागून आत आलं. संपलं रहस्य!"

"आत बूट घालून कोण जातं?"

हिमवाटेच्या दारापाशी सगळ्यांना ओले बूट काढून नमद्याच्या सपाता घालाव्या लागत. खुद्द साहेबांनाही.

"आणि घोड्यांचं गवत जाडंभरडं असतं," यागोडा म्हणाली. "हे कुरणातलं मऊ आहे. शिवाय चपटं आहे, पण तुडवलेलं नाही. माती नाही, चुरा नाही. कशाखाली तरी नीट दाबून ठेवलेलं असावं."

"बाई गं! आता काडीला तिची जन्मतारीख विचार," बोग्ना म्हणाली. पण उठली तीच आधी.

स्लेज चालवणारा यारेकदादा कार्यशाळेत एका जुन्या स्लेजला टेकून कॉफी पीत होता. झोप न झाल्याने त्याचे डोळे लाल झाले होते.

"दादा, स्लेजला कळतं कसं ती कुठे आहे ते?" यागोडाने विचारलं.

"पोटाखाली कॅमेरा आहे. जमिनीवर हे ठिपक्यांचे चौकोन आहेत ना? प्रत्येक चौकोनाची नक्षी वेगळी. ती वाचत वाचत स्लेज जाते. टेबलाशी चौकोन दाट आहेत, कारण तिथे तिला बरोब्बर खुर्चीच्या जागी थांबायचंय. एक जरी चुकीचा वाचला तर ती जागच्या जागी थांबते. तसंच शिकवलंय तिला. चुकीच्या ठिकाणी जाण्यापेक्षा थांबलेलं बरं."

"चौकोनावर काही पडलं असेल तर?"

"तेच आधी पाहिलं गं! दर वेळी धावत जातो, जमीन लख्ख असते. कॅमेरा बदलला, सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला. काही उपयोग नाही."

यागोडाने रुमाल उघडला, कार्यशाळेतल्या एका चौकोनावर काडी आडवी ठेवली आणि म्हणाली, "आता चालव ना ही."

यारेकने खांदे उडवले आणि बटण दाबलं. जुनी स्लेज गुणगुणत निघाली, काडीपाशी आली आणि थांबली. डोक्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला.

"अगं बाई!" बोग्ना ओरडली.

यारेकची कॉफी पँटवर सांडली होती. "पण तिथे काडीबिडी कधीच नव्हती! मी शपथेवर सांगतो!"

"माझी टोपी!" टिमेक एकदम ओरडला.

"आता टोपीचं काय मध्येच?"

"सकाळी स्लेज अडली, दिवे लागले आणि तो मोठा पंखा सुरू झाला. माझी टोपी उडून पार टेबलाखाली गेली! मी रांगत जाऊन आणली. तेव्हाच मोज्याला गवत लागलं असणार!"

यारेकने कपाळावर हात मारून घेतला. स्लेज अडली की धुकं ओढून घ्यायला पंखा आपोआप सुरू होई. तो धावत पोचेपर्यंत वारा आपलं काम करून मोकळा झालेला असे.

"म्हणजे आपण शोधायला जातो आणि आपलाच पंखा पुरावा उडवून लावतो!" तो पुटपुटला. "पण काडी येते कुठून?"

"कशाखाली तरी दाबलेली काडी," यागोडा हळूहळू म्हणाली. "दादा, नाताळच्या टेबलावर ताटं कशावर ठेवतात?"

"टेबलक्लॉथवर."

"आणि टेबलक्लॉथखाली?"

चौघेही सपाता फटफटवत हिमवाटेत धावले.

टेबलाशी पोचल्यावर यागोडाने पांढऱ्या कापडाची कड उचलली. खाली मऊ, सुगंधी गवताचा थर होता, प्रत्येकाच्या घरी त्या संध्याकाळी असतो तसा. आजी सुपाचं झाकण उचले तेव्हा टेबल किंचित थरथरे, आणि प्रत्येक थरथरीला काठावरच्या काड्या खाली गळत. पुढची स्लेज आली की तिच्या वाटेत त्या तयारच!

"पण आत खऱ्या गवताला बंदी आहे. आगीची भीती," यारेक म्हणाला. "दारावर पाटी आहे, साहेबांच्या सहीची. कुणाची हिंमत झाली?"

"एक सांगू?" बोग्ना दबक्या आवाजात म्हणाली. "स्लेज अडते ती साहेब बघायला येतात त्याच दिवशी. कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतात, साहेबांची नजर लागते."

"नजर लागून कॅमेरा बंद पडत नाही," यागोडा म्हणाली. मग ती थबकली. "पण ते येतात त्या दिवशी कुणीतरी नवं, सुटं गवत घालत असेल तर? आपण सगळं गवत काढून टाकू. ज्याने ठेवलंय तो उद्या परत येईल."

यारेकने अट घातली. तो नियंत्रण कक्षातून तिघांवर लक्ष ठेवणार, आणि मुलं बाहेर आल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्लेज सुरू करणार नाही. आणि चोर सापडेपर्यंत लिदियामावशीला उगाच आशा लावायची नाही, हेही ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं प्लॅस्टिकच्या देवदाराआड दबून बसली. टिमेकच्या नाकाला फांदी टोचत होती.

"हलू नकोस!"

"मी नाही हलत, झाड हलतंय!"

सपातांचा आवाज आला. खिडकीच्या पिवळ्या उजेडात एक उंच, वाकलेली आकृती दिसली. हातात कागदी पिशवी होती. बोग्नाने यागोडाच्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते कोनोपकासाहेब होते!

त्यांनी टेबलक्लॉथ उचलला आणि ते दचकले. "अरे देवा, कुणी काढलं? तरीच! तरीच अडतेय!" ते एकटेच बोलत होते. पिशवीतून त्यांनी मूठभर गवत काढलं, मग आणखी एक मूठ. प्रत्येक ताट हळूच उचलून, खाली गवत सारखं करून, पुन्हा जागच्या जागी ठेवलं. रिकाम्या जागेपुढच्या ताटाखाली त्यांनी सगळ्यात जास्त घातलं.

"आऽऽक्-छी!"

टिमेकच्या शिंकेने अख्खं देवदाराचं झाड आडवं झालं.

साहेबांच्या हातून पिशवी पडली. "कोण आहे तिकडे? मुलांनो! तुम्ही इथे काय करताय?"

बोग्नाचा धीर खचला. यागोडा मात्र पुढे झाली. "साहेब, तुम्हीच स्लेज अडवताय."

"मी? काय बोलतेस तू, पोरी! मी तर ती अडू नये म्हणून..." ते मध्येच थांबले.

यागोडाने टेबलावरून एक काडी उचलली, जमिनीवरच्या चौकोनावर ठेवली आणि सगळं सांगितलं. कॅमेरा, थरथरणारं टेबल, पंखा. काही वगळलं नाही, काही वाढवलंही नाही.

साहेब रिकाम्या जागेशी खाली बसले, थेट जमिनीवर.

"माझी आई," ते म्हणाले, "गवत घातल्याशिवाय ताट मांडू द्यायची नाही. म्हणायची, गवत नसेल तर ते नुसतं लाकूड. पहिल्यांदा हे टेबल पाहिलं, कापड उचललं, तर खाली नुसतं लाकूड! जीव राहिना. पाटीवर सही माझीच, म्हणून चोरून आणलं. आणि स्लेज अडली की वाटायचं, गवत कमी पडलं. म्हणून पुढच्या वेळी आणखी घालायचो."

"आणि मग आणखी अडायची," टिमेक म्हणाला. त्याला हसू आवरेना. आधी बोग्ना फिस्कन हसली, मग यागोडा, आणि शेवटी साहेबसुद्धा.

"तुम्हाला टेबल आवडतं," यागोडा म्हणाली. "मग ते काढणार कशाला होतात?"

"आवडतं म्हणूनच तर रोज उद्यावर ढकलत होतो." त्यांनी सुस्कारा सोडला. "पण वाटेत अडणारी सफर मी लोकांना कशी देऊ? चला, तुझ्या मावशीला बोलवा. माझा पराक्रम तिला मीच सांगतो."

मावशीने सगळं ऐकलं. रागवावं की हसावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने यागोडाला जवळ घेतलं. "इतक्या दिवसांत आम्ही मोठ्यांनी हजार ठिकाणी पाहिलं, पण कापड कुणी उचललं नाही. शाब्बास गं! शाब्बास तुम्हा तिघांची!"

"खरं तर माझ्या मोज्याची," टिमेक म्हणाला.

"पण गवत काढावंच लागेल, साहेब," यारेक चाचरत म्हणाला. "पाटी आहे."

साहेबांनी मान खाली घातली. यागोडा काडी बोटांत फिरवत होती. "मावशी, शाळेत मधमाशी आत बंद करून पारदर्शक, काचेसारखा ठोकळा करतात ना? तसं गवत आत बंद केलं तर? जळणार नाही, गळणार नाही. आणि सुपाचा वास सोडणारं यंत्र आहे ना, त्यातून गवताचाही वास सोडता येतो."

"येतो की!" मावशीचे डोळे या वेळी खरोखर हसले. "आपण ताटांच्या बरोबर खाली बसवू."

टेबल झाडून झालं, जमीन पुसून झाली. सगळे बाहेर आले. पहिल्या स्लेजमध्ये टिमेक बसला. त्याने शेजारची जागा थोपटली. "साहेब, या ना! घाबरू नका, लांडगे खोटे आहेत."

साहेब बसल्यावर यारेकने बटण दाबलं. बाकीचे नियंत्रण कक्षाच्या पडद्यापुढे श्वास रोखून उभे राहिले. लांडगे गेले, नदी कडाडली, धुक्यात वाट हरवली. पिवळी खिडकी आली. स्लेज हातभर अंतरावर आली, पण अडली नाही. अलगद वळून ती रिकाम्या जागेत जाऊन बसली. टेबलाभोवती आता एकही जागा रिकामी नव्हती.

यंत्राच्या आजीने मान वळवली. "आलास, बाळा? तुझंच ताट मांडून ठेवलंय."

"आलो!" टिमेकने खणखणीत उत्तर दिलं.

दिवे लागले तरी साहेब उठले नाहीत. मावशी धावत आत गेली, पाठोपाठ मुली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि समोरच्या ताटाकडे पाहत राहिले.

"साहेब," मावशीने हलकेच विचारलं, "उद्या सांगणार का?"

"नाही, आजच सांगतो." त्यांनी कापडाची दुमडलेली कड हाताने सारखी केली. "टेबल राहणार."