टाकीचं झाकण

लाईट गेली म्हणून इतकं हळहळायचं काही नाही रे. बसा असेच. मोबाईल मात्र खाली ठेवा, त्या उजेडात तुमचीच तोंडं आधी भुतासारखी दिसतात. गोष्ट सांगतो, पण घडलेली. ज्याच्या बाबतीत घडली तो मिस्त्री माझ्या पंक्चरच्या दुकानासमोर गॅरेज चालवतो. उद्या सकाळी जाऊन विचारा. तो तुम्हाला हाकलून देईल, तो भाग वेगळा.

ते गॅरेज आधी उस्तादाचं. काय कान होता राजेहो त्या माणसाला! गाडी वळणावर असतानाच आवाजावरून सांगायचा, हिची चेन सैल आहे, हिचा व्हॉल्व्ह वाजतोय. मिस्त्री त्याच्याच हाताखाली शिकला, त्याच्याच घरी जेवला. नवराबायको राहायचे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत. उस्तादाच्या बायकोला मिस्त्री वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. आणि रात्री दारात बूट काढता काढता उस्तादाचा बायकोला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "थकलीस का गं?" मला रस्त्यापलीकडे ऐकू यायचं. माझी बायको म्हणायची, "ऐका जरा, शिका." मी म्हणायचो, "मी स्वतःच थकून येतो, तुला काय विचारू?" असो.

उस्ताद काविळीनं गेला. पुढे दोनेक वर्षांनी चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून मिस्त्रीचं आणि तिचं लग्न लावून दिलं. मिस्त्रीची ना नव्हतीच. ती त्याच्या मनात कधीपासून होती, पण भल्या माणसासारखा गप्प बसला होता. सुरुवातीला त्याच्या तोंडून 'अहो वहिनी' निघायचं आणि तिच्या तोंडून 'भावजी', मग दोघं लाजून दोन दिशांना बघायचे. गॅरेज मिळालं, उस्तादाची जुनी मोटारसायकल मिळाली, जिच्यावर जीव ती बाई मिळाली. माणसाला आणखी काय हवं?

पण सुख बोचतं काही जणांना. झालं असं की ती मोटारसायकल वळणावर आली, की ती बाई आतून उठायची आणि चहाचं आधण ठेवायची. वर्षानुवर्षांची सवय. मिस्त्री दारात येईपर्यंत चहा तयार. दुसरा कुणी खूश झाला असता. याच्या मनात मात्र किडा वळवळायला लागला. हा चहा कुणासाठी? माझ्यासाठी, की त्या आवाजासाठी? एके दिवशी न राहवून विचारलंच त्यानं.

"गाडी वाजली की तू कुणासाठी उठतेस?"

"म्हणजे? दारात जो येतो त्याच्यासाठी," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

सरळ उत्तर होतं. पण याला रात्रभर झोप नाही. जो येतो त्याच्यासाठी! म्हणजे नाव नाहीच माझं! जिवंत माणसाचा हेवा वाटला तर त्याच्याशी भांडता येतं, चार शिव्या घालता येतात. मेलेल्याचं काय करणार? तो कधी चुकत नाही, म्हातारा होत नाही, भिंतीवर फोटोत बसून हसत राहतो. मिस्त्रीनं फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही याचाही त्याला राग आला.

मग त्यानं गाडीचा सायलेन्सरच बदलला. जुना काढून गॅरेजच्या भिंतीला टांगला. आवाज बदलला, आधण ठेवणं बंद झालं. आता घरी पोचून मागितल्यावर चहा मिळायचा. म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा, पण कबूल कोण करतो? आणि तरी एक गोष्ट उरलीच. टाकीच्या झाकणावर उस्तादानं खिळ्यानं तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. पेट्रोल भरताना रोज ते दिसायचं, आणि रोज मिस्त्रीच्या पोटात दुखायचं. एका दुपारी त्यानं फवारणीचं यंत्र घेतलं आणि टाकी, झाकण, सगळं एकजात काळं करून टाकलं. जाड रंगाचे दोन हात. अक्षर गडप.

तेव्हापासून गाडी बिघडली.

चालू होताना झकास. सातआठ किलोमीटर गेली की धापा टाकायची आणि बंद पडायची. किका मारून पाय मोडायची वेळ आली तरी दाद नाही. अर्धा तास तशीच उभी ठेवली की आपोआप चालू. मिस्त्रीनं प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर तीनदा खोलून साफ केला. गिऱ्हाइकं हसायला लागली. दिव्याखाली अंधार, म्हणाली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "उस्ताद असता तर नुसता कान लावून सांगितलं असतं." त्यावर मिस्त्रीनं हातातला पाना रस्त्यावर भिरकावला होता, मी बघितलंय.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. शनिवार होता. मिस्त्री क्लचप्लेटा आणायला शहरात गेला. रोजचंच काम. सुट्या भागांचा दुकानदार जुना माणूस, त्यानं गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे, ही उस्तादाची ना? काय अवकळा केलीस तिची! पोटच्या पोरीसारखी ठेवली होती त्यानं." मिस्त्रीनं पैसे मोजले आणि प्लेटा उचलल्या. पण परत निघाला तेव्हा डोकं भणभणत होतं. निघायलाच रात्रीचे साडेदहा झालेले. चंद्र नाही. गावाकडची लाईटही आत्तासारखीच गेलेली.

दगडाच्या बंद खाणीपाशी गाडीनं धाप टाकली. एक आचका. दुसरा. बंद.

त्यानं एक सणसणीत शिवी हासडली आणि उतरला. मोबाईलचा उजेड दातात धरला. प्लग काढून ठिणगी बघितली. निळी, खणखणीत ठिणगी. म्हणजे करंट आहे. टाकी हलवली. आत पेट्रोल डुचमळलं. म्हणजे पेट्रोल आहे. मग कार्ब्युरेटरचा खालचा स्क्रू सैल केला.

कोरडा ठणठणीत. एक थेंब नाही.

टाकीत पेट्रोल आहे. खाली उतरत नाही. का? नळी काढून फुंकली. साफ. कॉक साफ. मग का? तो खाली बसून राहिला. घाम आला होता. आणि त्याच्या मनात आलंच… उस्ताद असता तर.

"असता तर, असता तर!" तो अंधारात ओरडला. "मेलास ना? मग मर ना एकदाचा! गाडी तुझी, गॅरेज तुझं, ती पण तुझीच… माझं काय आहे रे इथं?"

खाणीतून आवाज परत आला. मग तोही थांबला.

रातकिडे गप्प झाले.

टक्… टक्.

टाकीवर. बोटाच्या पेरानं कुणी मारावं तसं.

मिस्त्री हलला नाही. ती सवय कुणाची, त्याला ठाऊक होतं. बिघाड सापडला की उस्ताद तिथं दोनदा टकटक करायचा. बोलायचा नाही. शिकाऊनं स्वतः ओळखायचं.

टक्… टक्.

झाकणावर.

त्याचा हात आपोआप वर गेला. त्यानं झाकणावर अंगठा फिरवला. गुळगुळीत रंग. आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख झालं. त्या झाकणाला सुईएवढं भोक असतं, बाबांनो. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत जावी लागते. टाकी श्वास घेते म्हणा ना. त्यानं अक्षर बुजवायला रंग मारला होता… आणि श्वास बुजवला होता. स्वतःच्या हातानं.

त्यानं झाकण पिळलं.

स्सस्सस्…

लांब. केवढा तरी लांब. कुणीतरी कितीतरी दिवसांनी श्वास घ्यावा तसा. टाकीचा असेल. असेलच. पण तो आवाज त्याच्या कानाच्या मागून आला.

झाकण हातातून गेलं. पडलं नाही. पडल्याचा आवाजच झाला नाही. कुणी अलगद काढून घ्यावं… तसं गेलं.

त्यानं शोधलं? छे! टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं, एक किक मारली. पहिल्या किकला चालू. मागे बघितलं नाही. घर येईपर्यंत.

ती दारात उभी होती. हातात बॅटरी.

"आता परत कुठं गेला होतात?"

"परत…?"

"अहो, मघाशी आलात, चहा घेतलात, आणि बघते तर पायरीवर कुणी नाही. मला वाटलं गॅरेजात गेलात."

मिस्त्रीनं गाडी स्टँडला लावली.

"जुना सायलेन्सर बसवलात ना परत?" ती म्हणाली. "वळणावर गाडी वाजली आणि मी ओळखलं. म्हटलं, आला बाई आपला आवाज. लगेच आधण ठेवलं."

आता हे मी कुणाला सांगत नाही. मी त्या रात्री दुकानातच झोपलो होतो. तो आवाज मीही ऐकला. आणि जुना सायलेन्सर सकाळी गॅरेजच्या भिंतीलाच टांगलेला होता. धूळसुद्धा हललेली नव्हती.

"मी… बोललो काही?" मिस्त्रीनं विचारलं.

अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं. पण मिस्त्री सांगतो, ती हसत होती. लग्न झाल्यापासून तिला तसं हसताना त्यानं ऐकलं नव्हतं.

"मला विचारलंत, थकलीस का गं…" ती म्हणाली. "बरं वाटलं हो. पहिल्यांदाच विचारलंत."

त्यानं तिच्या हातातून बॅटरी घेतली. पायरीवर उजेड टाकला. रिकामा कप. तळाशी घोटभर चहा, त्यातून अजून वाफ येत होती. शेजारी बशी.

बशीत टाकीचं झाकण.

रंग खरवडून काढलेला. अगदी निगुतीनं. भोक मोकळं. आणि ते अक्षर, स्वच्छ, काल कोरल्यासारखं.

मिस्त्री तिथंच खाली बसला. त्याला तिला सांगायचं होतं. ओरडून सांगायचं होतं… कोण आला होता, तू कुणाला चहा दिलास. पण ती इतकी खूश होती. शेवटी त्यानं मान वर केली. इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं, ते कसंबसं तोंडातून निघालं.

"थकलीस का गं?"

ती हसली. कपबशी उचलली, झाकण त्याच्या हातात ठेवलं.

"अहो, आत्ताच तर विचारलंत," ती म्हणाली. "किती वेळा विचाराल?"

आणि आत गेली. झाकण त्याच्या तळहातावर राहिलं… कोमट, कुणीतरी इतका वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.