सुटल्यासारखं वाटलं

त्या राउंडअबाउटला मी पुन्हा एक वळसा घातला, तेव्हा मधल्या गवतावर गुडघे टेकून झाडं लावणाऱ्या माणसाने हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि तो सरळ माझ्याकडे बघायला लागला.

पाऊस भुरभुरत होता. मला बाहेर पडायचं होतं, पण डावीकडे घ्यावं तर शेजारून कोणीतरी सुसाट यायचं... आणि मी घाबरून परत आत. सांगलीत स्कूटरवरून म्हशींच्या कळपातून वाट काढलेली मुलगी मी. पण इंग्लंडला मिल्टन कीन्सच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून आले, जुनी गाडी घेतली, आणि इथल्या शिस्तीत पळणाऱ्या गाड्यांनी माझा सगळा धीर खाऊन टाकला.

पुढच्या फेरीला तो माणूस उठला. पिवळं जॅकेट, चिखलाचे बूट. त्याने ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला – थांब... थांब... आता जा. मी डोळे मिटल्यासारखी बाहेर पडले, कडेच्या गवतावर चढले आणि गाडी बंद पडली.

"आई गं... मेले मी," मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

काचेवर टकटक झाली.

"मेली नाही तू," तो म्हणाला. "पण हॅझर्ड लाइट्स लाव. नाहीतर नक्की."

मराठी! तेही इंग्रजी हेल काढून. केसांतून पाणी गळत होतं आणि तो हसू दाबत होता.

"तुम्ही मराठी?"

"मिहीर देवधर. घरात मराठी, बाहेर... जसं जमेल तसं. आणि तुम्ही नको म्हणू, मला बाबांसारखं वाटतं." त्याने आभाळाकडे पाहिलं. "गाडी साइडला घेऊ का? पाऊस पण जोरात आली."

"आला."

"पाऊस बॉय आहे?"

"हो. थंडी मुलगी."

"हं," तो म्हणाला, "थंडीचं माहीत होतं. ती जातच नाही."

मला हसू आलं. भीतीने रडायच्या बेतात असलेल्या माणसाला असं हसू आलं की ते थांबतच नाही.

मग ठरलंच तसं. दर रविवारी तो मला राउंडअबाउट शिकवणार आणि मी त्याला... "मुलगा-मुलगी शिकवीन," मी म्हणाले, आणि घाईने जोडलं, "म्हणजे, शब्दांचं."

"ऑफ कोर्स," तो गंभीरपणे म्हणाला. "शब्दांचंच."

गावातल्या बऱ्याच राउंडअबाउटवरची झाडं त्याची होती. त्याची छोटी लँडस्केपिंगची फर्म होती. गाडीत बसला की तो प्रत्येक झाडाची ओळख करून द्यायचा, शेजारच्या काकूंची करून द्यावी तशी.

"आरसा बघ," तो सांगायचा.

"बघतेय."

"आरशात मागचा ट्रक बघायचा असतो. मला नाही."

"तू मध्ये येतोस."

"मी सीटवरच बसलोय, आश्लेषा."

माझे कान तापायचे. तो खिडकीबाहेर बघायचा, पण त्याच्या गालावरचं हसू काचेत दिसायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात अनुराधाकाकूंनी मला बाजूला घेतलं. त्या देवधरांच्या जुन्या शेजारी. "त्या मिहीरबरोबर दिसतेस हल्ली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फार सोसलंय गं त्याने. अमेरिकेत प्रोफेशनल बेसबॉल खेळायचा, पिचर होता. चेंडू टाकायचा. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं संपलं. त्याच्यासमोर विषय काढू नकोस. आम्ही कोणीच काढत नाही."

मीही काढला नाही. पण त्यानंतरच्या रविवारी मी त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलले, आणि तो जरा गप्प झाला.

माझ्या पोटातही एक गोष्ट होतीच. ऑगस्टपासून माझी बदली नॉटिंगहॅमला झाली होती. त्याला सांगायला तोंड उघडायची आणि भलतंच काहीतरी बोलायची. सांगितलं आणि तो नुसता 'ओके' म्हणाला तर?

जुलैमध्ये त्यानेच विचारलं. "नॉटिंगहॅमच्या एका बेसबॉल क्लबमध्ये जुन्या प्लेअर्सना बोलावलंय. खेळ सोडल्यावर लाइफ कसं गेलं, ते बोलायचं. मला पण बोलावलं." तो बोटं मोडत होता. "मी ड्राइव्ह केलं तर अर्ध्या रस्त्यातून परत येईन. तू चालवशील?"

"एम-वनवर? मी?"

"तू. आणि बाबा पण येतायत. प्लीज?"

म्हणून त्या शनिवारी मी पहिल्यांदा मोटरवेवर गाडी घातली. शेजारी मिहीर, मागे त्याचे बाबा, ज्ञानेश्वरकाका, मांडीवर कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा. काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. वाटेत प्रत्येक जण आपापल्या भीतीत होता.

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. जुने खेळाडू एकेक करून बोलत होते. एक जण आता विमा विकत होता, एक गणित शिकवत होता. कॉलिन नावाचा धिप्पाड अमेरिकन म्हणाला, "अजून एप्रिल आला की माझी झोप उडते. जगात कुठेतरी सीझन सुरू झालाय आणि मी घरी आहे." सगळ्यांनी माना हलवल्या.

मग मिहीर उठला. त्याने माइक धरला. काकांनी डब्याचं झाकण घट्ट धरलं होतं.

"लोकांना वाटतं, खांद्यामुळे माझा खेळ गेला," तो इंग्रजीत बोलत होता. "खांदा बरा झाला होता. मी परत खेळत होतो. पण प्रत्येक मॅचआधी मला उलटी व्हायची. मला तो खेळ आवडेनासा झाला होता... आणि ते कोणाला सांगायची हिंमत नव्हती. माझ्यासाठी घरच्यांनी किती केलं होतं. मग एक दिवस मॅनेजरने बोलावून सांगितलं, आता तुझी गरज नाही. मी समोरच्या हॉटेलात गेलो आणि दोन प्लेट पॅनकेक खाल्ले. मला सुटल्यासारखं वाटलं. आठ वर्षं सगळे मला दुःखी समजतायत, आणि मला खरं सांगायची लाज वाटते."

मग कॉलिनने टाळी वाजवली, सावकाश, आणि मग सगळ्यांनीच.

तो खाली आला तेव्हा काका उभे होते. चष्मा हातात.

"ऑपरेशनची घाई मी केली होती," ते म्हणाले. "दुसरा सर्जन थांबा म्हणत होता. आठ वर्षं मला वाटतंय की मीच तुझं..."

"नाही, बाबा. तू काहीच नाही केलास."

"मग हे झाडांचं काम? नाइलाज म्हणून नाही?"

"मला आवडतं ते. खूप."

काकांनी त्याला जवळ घेतलं. मुलगा बापापेक्षा हातभर उंच, पण त्या वेळी तो लहान दिसला. मी डबा उचलला आणि उगाच कॉलिनला वड्या द्यायला गेले, कारण माझेही डोळे भरले होते.

परतीच्या वाटेवर सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेच्या कडेच्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, थांबलो. काका मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. आम्ही चहा घ्यायला उतरलो. रिमझिम चालू होती, छपराखाली दोघांपुरतीच जागा होती.

"खांद्याचं तुला कोणीतरी सांगितलं होतं, ना?" मिहीरने विचारलं.

"अनुराधाकाकूंनी."

"तू अचानक इतकी नाइस झालीस, तेव्हाच कळलं. मला वाटलं, तू पण मला बिचारा समजतेस. म्हणून संडेला येतेस."

"अरे, मी फुकट शिकायला येत होते."

"फक्त?"

"...सुरुवातीला."

त्याने कप कठड्यावर ठेवला. "मी विचारणार होतो. मागेच. पण दया म्हणून हो म्हणालीस तर, अशी भीती वाटायची. आज विचारू?"

"थांब," मी म्हणाले. "आधी ऐक. ऑगस्टपासून मी नॉटिंगहॅमला असणार. कळल्यापासून मला नीट झोप नाही."

तो हळूहळू, अगदी कानापर्यंत हसला.

"एवढंच? मला वाटलं, सांगलीला परत चाललीस. मी दर शुक्रवारी संध्याकाळी निघेन. रविवारी रात्री परत. आश्लेषा... तू मला फार आवडतेस. असं बरोबर बोलतात ना?"

"बरोबर बोलतात," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस. फार."

त्याने माझा हात हातात घेतला. मातीत काम करून खरबरीत झालेला, उबदार हात. छातीवरचं ओझं कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. आम्ही पावसातून गाडीकडे निघालो, काही घाई न करता.

काका जागेच होते. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"मी पुढे बसू का आता?" त्यांनी विचारलं. "का मागेच बरा आहे?"

"मागेच बरा, बाबा," मिहीर म्हणाला, आणि मी गाडी सुरू केली.