मोजणी झाल्याशिवाय टाका नाही

डाव पाचवा

"रक्त! आरं रक्त! दाब तिथं, दाब!"

आबा ओरडत होते आणि महेंद्र बटणं दाबत होता. टीव्हीवरचा पेशंट पोट उघडं टाकून निपचित पडला होता. त्या पोटात एक कात्री, एक करवत आणि चहाचा कप, तोही महेंद्रच्याच हातून पडलेला.

तेवढ्यात उघड्या दारातून एक मुलगी वाऱ्यासारखी आत घुसली. चपला पायातच, हातात मेथीची जुडी.

"कुणाला लागलंय? कुठंय पेशंट?"

महेंद्रनं टीव्हीकडे बोट दाखवलं. पेशंटनं नेमका त्याच क्षणी जीव सोडला.

"पाचवा," आबा म्हणाले. "सकाळपासनं पाच मारलं यानं."

मुलीनं ओढणी तोंडावर धरली. पण हसू काय ओढणीनं झाकतं? ते डोळ्यांतून सांडलं, आणि महेंद्र... महेंद्र पुढचं बटण दाबायचं विसरला.

"जयभीम काका, मी गौतमी. पलीकडं मावशीकडं आलेय. शिरूरला दवाखान्यात ओटी सिस्टर आहे. आरोळी ऐकली अन्... पाय थांबेनात."

ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली. हे ऐकताच आबांचा चेहरा उतरला.

डाव सुरू होण्याआधीची गोष्ट

(ही आधी सांगायला हवी होती. राहून गेली.)

शंकरराव, म्हणजे महेंद्रचे वडील आबा, दौंड स्टेशनात बत्तीस वर्षं पॉइंट्समन होते. रुळांचे सांधे बदलायचं काम. इंजिनापुढं कधी दचकले नाहीत. हर्नियाच्या ऑपरेशनला मात्र टरकले. शिरूरच्या, गौतमीच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, मंगळवारी या. महेंद्रला वाटलं, ऑपरेशन कसं असतं ते एकदा दाखवावं, म्हणजे भीती मोडेल. कंपनीतला दोस्त भारत याच्याकडून त्यानं गेम आणला. त्यात म्हणे सर्जन व्हायचं असतं.

पण त्या सर्जनच्या एकेका बोटाला वेगळं बटण, आणि हात असा लटपटतो की पाहणाऱ्याचंच पोट दुखावं. पाच पेशंट गेले. आबांनी मंगळवार रद्द करून टाकला.

मोडायला निघाला भीती, आणि बांधून दिली दुप्पट!

डाव सहावा

"तुम्ही एकटेच का करताय?" गौतमीनं विचारलं.

"मग? सर्जन एकच असतो की."

"कोण म्हणालं? आमच्याकडं एकटं कुणी नसतं. भूल देणारे वेगळे, हत्यारं देणारी वेगळी. सरका."

ती दिवाणावर बसली. मध्ये एक हाताचं अंतर... महेंद्रला ते फार वाटलं, आणि फार थोडंही.

"मी सांगेन तेव्हाच हात हलवायचा."

"आन् न्हाई ऐकलं तर?" महेंद्रनं विचारलं.

"बाहेर काढते. डॉक्टर असला तरी."

सहावा डाव सुरू झाला. "सावकाश... डावीकडं. हं, धरलं. उचला."

"सुटतंय—"

"नाही सुटत. श्वास सोडा. तुम्ही श्वास धरून बसलाय."

खरंच की! त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. तिनं कधी पाहिलं? तिची नजर तर टीव्हीवरून हलली नव्हती. आवाज चढत नव्हता, घाई नव्हती. शेजारी कुणी एवढं शांत बसलं की आपलेही हात आपले होतात, हे महेंद्रला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा समजत होतं.

पेशंट जगला. पोट शिवायचं हिरवं बटण लुकलुकायला लागलं. घड्याळात चाळीस सेकंद शिल्लक.

"झालं! आबा, बघा!"

"थांबा," गौतमी म्हणाली. "मोजणी."

"कसली?"

"गॉजची. रक्त टिपायचे कापडाचे तुकडे. सुरुवातीला ट्रेत दहा होते. आता ट्रेत पाच, बाजूला चार. एक कुठाय?"

"ओ सिस्टर," महेंद्र म्हणाला, "गेम हाय ह्यो! ह्याला कोण इचारतंय? बटण दाबलं की जिंकलो."

"मी विचारतेय. मोजणी झाल्याशिवाय टाका नाही."

तीस सेकंद. महेंद्रनं तिच्याकडं पाहिलं. चेष्टेचा मागमूस नव्हता. त्यानं हिरव्या बटणावरून अंगठा काढला आणि तो लटपटता हात पुन्हा पोटात घातला. वीस. यकृताखाली पांढरं काहीतरी. दहा. धरलं, सुटलं, धरलं...

"दहावं," ती म्हणाली. गॉज बाहेर आलं होतं.

वेळ संपली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. हरलो.

महेंद्रनं डोकं धरलं. सहावा! आता आबा कसले जातायत शिरूरला?

पण आबा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते त्या पोरीकडे बघत होते.

"बाय, खोट्या माणसाच्या पोटातलं फडकं काढाया डाव घालवलास व्हय?"

"सवय आहे काका. मोडता येत नाही."

"मोडू बी नगंस." आबांनी मान डोलावली. "रुळाच्या सांध्याला कुलूप बसलंय का बघितल्याबिगर म्या कवा गाडी सोडली न्हाई. ड्रायव्हर शिव्या घालायचं. म्हनायचो, लेट चालंल." मग लेकाकडं वळून, "मंगळवारी गाडी सांग. ही पोरगी आत आसंल तर जातो म्या."

खरा डाव

शिरूर. मंगळवार. बंद दार.

महेंद्र बाकावर बसला. उठला. बसला.

आत ती होती. एवढंच त्याच्याकडं होतं, आणि तेवढं पुरत होतं.

दार उघडलं. हिरवी टोपी, तोंडाला मास्क, दोनच डोळे.

"बरे आहेत."

त्याला बोलायचं होतं, तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. तोंडातून निघालं, "पाणी पिलं का तुम्ही?"

डोळे हसले.

"सिस्टर, मला एक—"

"पेशंटच्या नातेवाइकांचं मी काही ऐकत नाही. डिस्चार्ज झाल्यावर."

डाव नसलेला

शुक्रवारी दुपारी डिस्चार्ज झाला. भारतची गाडी महेंद्र स्वतः चालवत घेऊन आला होता; मागं आबा उशीला टेकून बसलेले. दवाखान्याच्या फाटकाशी गौतमी, साध्या पिवळ्या ड्रेसमध्ये. ड्यूटी संपलेली.

"सिस्टर..."

"आता गौतमी."

"गौतमी." नाव घेतलं आणि पाठ केलेलं सगळं पळालं. उरलं तेवढंच तो बोलला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"अगं बाई! भूल न देताच?"

"आरं ये की!" गाडीतून आबा ओरडले. "का तुलाबी भरती व्हायचंय?"

ती हसली, मग हसायची थांबली.

"माझं काम बघितलंत ना? फोन आला की भरल्या ताटावरून उठून जाते मी. कधी परत येईन सांगता येत नाही. एका स्थळानं ह्यावरूनच नकार दिला होता. तुम्हाला चालेल?"

"चालंल."

"नुसतं चालेल?"

महेंद्रनं खरोखर विचार केला.

"ताट झाकून ठेवीन," तो म्हणाला.

ती गाडीकडं वळली. दार उघडून पुढच्या सीटवर बसली, पर्स मांडीवर घेतली.

"न्हावऱ्याला सोडा मला. तिथून वडगाव रासाईला जाईन, आईकडं."

गाडी दौंडच्या वाटेला लागली. दोन्हीकडं ऊस, मधे सरळ रस्ता. गौतमीनं खिडकीची काच खाली केली. आबांनी डोळे मिटून घेतले. झोपेचं इतकं वाईट सोंग त्या रस्त्यानं कधी पाहिलं नसेल. न्हावऱ्याची पहिली घरं दिसली. महेंद्रनं गाडी हळू केली... अगदी हळू.

"न्हावरं आलं," तो म्हणाला.

"दिसलं मला," गौतमी म्हणाली. "चालवा."